सीबीटी: मला लागू पडली, मामेबहिणीला अर्धीमुर्धी

पॅनिक डिसऑर्डरसाठी, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांसाठी, काही महिने सीबीटी घेतली (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी). मला बराच फरक पडला. त्याच थेरपिस्टकडे जाणाऱ्या माझ्या मामेबहिणीला मात्र अर्धामुर्धाच. 'ज्याचा त्याचा स्वभाव' म्हणून लोक विषय संपवतात, ते मला पटत नाही.

मुळात माझा आजार या पद्धतीला सोयीचा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये पॅनिकची मांडणी केली ती अशी: छाती धडधडली की माणूस त्याचा अर्थ हार्ट अटॅक असा लावतो आणि त्या भीतीनेच धडधड वाढत जाते. ही समजूत खरी की खोटी, ते करून बघता येतं. मला खुर्चीवर गरागरा फिरायला लावलं, धापा टाकत जिने चढायला लावले, नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. (घरच्यांची करमणूक झाली ती वेगळीच.) चक्कर आली, घाम फुटला, पण पुढे काहीच झालं नाही. असं वारंवार झाल्यावर डोंबिवली लोकलमधली धडधड ही नुसती धडधड उरली.

बहिणीला जनरलाइज्ड अँक्झायटी, म्हणजे सतत कशाची ना कशाची चिंता. मामाचं डायलिसिस, नोकरी, मुलाची दहावी, तिची चिंता एका जागी थांबतच नाही. 'मामाचं काही बरंवाईट झालं तर?' याचा प्रयोग कसा करणार? चिंतेचे विचार लिहून तपासायची वही थेरपिस्टने दिली होती, ती भरता भरता ती आणखी विचार करत बसायची. त्यात डिप्रेशन, अपुरी झोप. गृहपाठ करणाऱ्यांना सीबीटीचा फायदा जास्त होतो हे अभ्यासांतून दिसलंय, पण तिला सवड मिळायची ती रात्री अकरानंतर. 'ती मनावरच घेत नाही' असं मामी म्हणते तेव्हा माझं डोकं फिरतं.

पर्समधल्या गोळीचंही बोलायला हवं. अल्प्राझोलाम (घबराट लगेच शमवणारं औषध) घेऊन गर्दीत शिरलं की निभावल्याचं श्रेय गोळीला जातं, आपण काही शिकत नाही. माझी गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली. आपल्या मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर फिटही येऊ शकते.

ढोबळमानाने निम्म्याच लोकांना या थेरपीचा ठळक फायदा होतो. हे पहिल्याच सेशनला सांगायला हवं होतं, बहिणीने स्वतःला एवढा दोष दिला नसता.

आता सायकियाट्रिस्टने तिला एसएसआरआय (डिप्रेशन आणि चिंतेवरचं औषध) सुरू केलंय, आणि थेरपिस्टने वही बंद करून चिंतेसाठी संध्याकाळचा ठरावीक अर्धा तास नेमून दिलाय. झोप जरा सुधारली आहे. बाकीचं अजून बघायचंय.