थर्मल कॅमेऱ्यावर उन्हाचा डाग: डागी आणि कोरा, दोन्ही वापरून

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी एक वापरलेला थर्मल कॅमेरा घेतला, म्हणजे उजेडाऐवजी वस्तूंची उष्णता बघून तापमान दाखवणारा कॅमेरा. त्याच्या सेन्सरवर उन्हाचा डाग होता. विकणाऱ्याने तो लपवला नाही, स्वतःहून दाखवला आणि किंमत खाली आणली. श्रावणात जोडीला नवा घेतला. आता साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाची निमंत्रणं येऊ लागली आहेत आणि दोन्ही कॅमेरे रोजच्या कामात आहेत. एक डागी, एक कोरा असे शेजारी शेजारी वापरले की काही गोष्टी उघड दिसतात, म्हणून हे लिहितोय. मेक लिहिणार नाही. उन्हाने जे होतं ते या जातीच्या सेन्सरला कमीजास्त प्रमाणात होतंच, आणि मेक लिहिला की पुढची सगळी चर्चा त्याच्यावरच होते.

काम कसलं तेही सांगतो. विजेच्या यंत्रणेत कुठे काय जादा तापतंय ते शोधणं. सोलापूर आणि आसपासचा भाग. सूतगिरण्यांचे एलटी (कमी दाबाच्या विजेचे) पॅनल, कारखान्यांचे कोजन (वीजनिर्मितीचे) यार्ड, एमआयडीसीतल्या डीपी, आणि अलीकडे छतावरचे सोलर. दोन्ही कॅमेरे ३२० बाय २४० पिक्सेलचे, साधारण २५ अंशांच्या लेन्सचे, व्हॅनेडियम ऑक्साइडच्या मायक्रोबोलोमीटरचे, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या सेन्सरचे. म्हणजे तुलना बरीचशी सारख्याला सारखी.

आधी डाग पडतो कसा ते. या सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे निर्वात डबीत दोन बारीक पायांवर अधांतरी उभी असलेली एक पातळ पापुद्र्यासारखी पट्टी. समोरच्या वस्तूची उष्णता लेन्समधून तिच्यावर येते, ती किंचित तापते, तिचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून तापमान काढलं जातं. एका अंशाला रोध सुमारे दोन टक्के बदलतो. उष्णता पायांवाटे निसटू नये अशीच ही रचना आहे, त्यामुळे भलतीच उष्णता आली तरी ती चटकन बाहेर पडत नाही. जर्मेनियमची लेन्स डोळ्याला दिसणारा उजेड आत सोडतच नाही, म्हणून कित्येकांना वाटतं की ऊन अडलं. अडत नाही. ज्या पट्ट्यात कॅमेरा बघतो, ८ ते १४ मायक्रॉन, त्यातही सूर्य आहेच. १० मायक्रॉनवर गणित मांडलं तर सूर्याचा पृष्ठभाग खोलीतल्या भिंतीच्या सुमारे चारशेपट तेजस्वी भरतो. वाटेत हवा थोडं खाते, पण उरतं ते पुरेसं असतं. भिंगाने कागद जाळायचा खेळ इथे सेन्सरवर चालतो. पट्टी मर्यादेबाहेर तापली की तिच्या पदार्थाचा गुणच बदलतो. कधी तो काही तासांत, दिवसांत पूर्ववत होतो, कधी महिने घेतो, कधी कायमचा राहतो.

विकणाऱ्याचं म्हणणं होतं, "एकदा चुकून क्षणभर सूर्यावर गेला." डाग मात्र वेगळं सांगत होता. सूर्याची तबकडी आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाची. २५ अंश ३२० पिक्सेलांत वाटले तर तिची रुंदी सहा-सात पिक्सेल येते. डागाची रुंदी नेमकी तेवढीच होती. पण लांबी साठेक पिक्सेल, आणि रेघ तिरकी, सरळ, कडेला कुठेही न थरथरलेली. हातातला कॅमेरा सूर्यावरून गेला असता तर वेडीवाकडी, मध्येच जाड-बारीक अशी रेघ उमटली असती. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढं अंतर दोन मिनिटांत. नऊ रुंद्यांची सरळ रेघ म्हणजे कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं आकाशाकडे तोंड करून निश्चल पडलेला होता. बहुधा गच्चीच्या कठड्यावर किंवा गाडीच्या टपावर, आणि बहुधा बंद. विकणारा खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. बंद कॅमेऱ्याला ऊन लागतं हे त्याच्या गावीही नसावं.

हा मुद्दा मी हल्ली प्रत्येकाला सांगतो. कॅमेरा बंद केला म्हणून लेन्स बंद होत नाही. कित्येक मॉडेलमध्ये आतलं शटर बंद अवस्थेतही उघडंच राहतं. चालू असो वा बंद, लेन्स सूर्याचं चित्र सेन्सरवर पाडत राहते. माझ्या नव्या कॅमेऱ्यात सूर्य दिसला की शटर आपोआप पडण्याची सोय आहे, पण ती चालू असतानाच. म्हणून मी लेन्सचं टोपण दोरीने कॅमेऱ्यालाच बांधून टाकलं. गळ्यात अडकवलेला कॅमेरा चालताना पालथा होऊन वर बघतो, तेव्हा टोपण नसेल तर शटरच्या भरवशावर राहू नका. मोबाइलला लावायच्या छोट्या थर्मल कॅमेऱ्यांचे तर आणखी हाल. फोन टेबलावर उपडा ठेवला की त्यांची लेन्स छताकडे, आणि साइटवर छत नसलं तर थेट आभाळाकडे.

आता मुख्य प्रश्न: डागी कॅमेरा कामाचा आहे का? चित्रासाठी आहे. आकड्यासाठी सांभाळून.

चित्रात डाग सहसा दिसतच नाही. पॅनल उघडला, एखादा लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) ९० अंशांवर आहे, बाकी सगळं ४०वर. स्केल (चित्रातल्या रंगांत बसवलेला तापमानाचा पल्ला) आपोआप ५० अंशांचा होतो आणि त्यात तीन-चार अंशांचा डाग विरघळून जातो. स्केल हाताने दोन-तीन अंशांवर आणला की मात्र रेघ लख्ख वर येते. त्यातही एक गंमत आहे. दर थोड्या वेळाने कॅमेरा 'टक्' असा आवाज करतो ना, तेव्हा शटर पडतं आणि सगळे पिक्सेल त्या शटरच्या तापमानावर एका रांगेत आणले जातात. शटर असतं कॅमेऱ्याच्या आतल्या तापमानाला, समजा ३५ अंश. त्या तापमानाच्या आसपासचं काहीही बघा, डाग गायब. जितकं गरम बघाल तितका तो परत येतो. कारण जळलेल्या पिक्सेलची सुरुवात दुरुस्त करता येते, त्याची संवेदना कमी झाली आहे ती नाही.

हे मोजून पाहायला फार काही लागलं नाही. चुलीवरचं बाहेरून काजळलेलं पातेलं घेतलं, त्यात गरम पाणी. काजळी आणि साधी काळी इन्सुलेशन टेप दोन्हींची एमिसिव्हिटी (स्वतःची उष्णता किरणांनी बाहेर टाकण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.९५च्या घरात, त्यामुळे रीडिंगवर विश्वास ठेवता येतो. चकचकीत स्टीलवर हा प्रयोग करू नका, तिथे तुम्हाला स्वतःचंच तापमान दिसेल. पातेल्याचा तोच भाग डागाबाहेर धरला तेव्हा ८०, डागावर आणला तेव्हा ७६. पाणी ५०वर उतरलं तेव्हा फरक सव्वा-दीड अंश. खोलीच्या तापमानाला फरक नाही. अशा कॅमेऱ्यांची कागदावरची अचूकता अधिक-उणे दोन अंश किंवा दोन टक्के असते. म्हणजे ८०वर डाग मर्यादेच्या दुप्पट चुकतोय.

चार अंश म्हणजे काय मोठंसं, असं एका मिल मॅनेजरने विचारलं होतं. आमच्या कामात निदान तिन्ही फेजच्या तुलनेवर चालतं. एकाच लोडवरच्या सारख्या भागांमध्ये १ ते ३ अंश फरक असेल तर दोष असू शकतो, ४ ते १५ असेल तर दोष बहुधा आहे, १५च्या वर असेल तर ताबडतोब हात घाला, असा नेटाचा (अमेरिकेतल्या विद्युत चाचणी संघटनेचा) तक्ता बहुतेक थर्मोग्राफर वापरतात. आर, वाय, बी अशा तीन फेजचे तीन लग एका चित्रात आहेत आणि बी नेमका डागाखाली आलाय. खरं तापमान तिन्हींचं ७२ असेल तर बी ६८ दाखवेल आणि अहवालात उगाच आर-वायचे लग ढिले ठरतील. त्याहून वाईट म्हणजे बी खरोखर ७६वर असेल तर तो ७२ दाखवेल, बाकीच्यांच्या बरोबरीने, आणि ढिला लग तसाच राहील. डाग कॅमेऱ्यात वर उजवीकडे आहे, मधला क्रॉस (ज्या खुणेखालचा आकडा कॅमेरा दाखवतो ती) कोरा आहे. म्हणून जुन्या कॅमेऱ्याने काम करताना प्रत्येक लग क्रॉसखाली आणून वेगळा वाचायचा असा नियम केला. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. 'सर्वात गरम ठिकाण आपोआप शोधा' ही सोय तर मी त्या कॅमेऱ्यात बंदच करून टाकली.

डाग फिका पडेल अशी आशा होती. सुरुवातीला काढलेली पातेल्याची चित्रं जपून ठेवली होती, ती दिवाळीआधी परत ताडून पाहिली. फरक तेवढाच. जे बरं व्हायचं होतं ते माझ्याकडे येण्याआधीच होऊन गेलं असावं.

नव्या कॅमेऱ्यालाही ऊन लागलंच, पण वाकड्या वाटेने. एका कोल्ड स्टोअरेजच्या छतावर डक्टच्या ॲल्युमिनियम पत्र्यावरून कॅमेरा फिरवताना 'टक्' होऊन शटर पडलं. पत्रा मळका, डल, डोळ्याला त्यात सूर्य दिसत नव्हता, नुसती झळाळी होती. पण कॅमेरा बघतो ती लहर उजेडाच्या लहरीपेक्षा वीसेकपट लांब. ज्या बारीक खरखरीने उजेड विखुरतो, ती खरखर या लहरीला जाणवतही नाही. आपल्याला डल दिसणारा ॲल्युमिनियमचा पत्रा कॅमेऱ्यासाठी चांगला आरसा असतो, आणि ॲल्युमिनियम या पट्ट्यात आलेलं जवळजवळ सगळं परत पाठवतं. शटर पडेपर्यंत स्वल्पविरामाएवढी खूण उमटलीच. रात्री ती अर्धी झाली, आठवड्याच्या आत पुसली गेली. पातेल्याच्या परीक्षेत आता तिथे काही सापडत नाही. क्षणभराचं प्रतिबिंब आणि पाव तासाचा थेट सूर्य, यांतला फरक इतका आहे.

यार्डाचं काम मी पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच करतो. उन्हाने तापलेला इन्सुलेटर आणि दोषाने तापलेला इन्सुलेटर दुपारी सारखेच दिसतात, त्यामुळे वर बघताना सूर्य आडवा येण्याचा प्रश्नच राहत नाही. सोलरचं उलटं. तिथे ऊन नसेल तर परीक्षाच होत नाही. आयईसी ६२४४६-३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पॅनलच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला किमान ६०० वॅट ऊन पाहिजे. म्हणजे सूर्य डोक्यावर, समोर काचेचं शेत आणि हातात उन्हाला भिणारं यंत्र. काच सरळ बघितली तर या लहरींचा लहानसा भागच परत पाठवते, पण कडेने, फार तिरकं बघाल तितका तो वाढतो. जमिनीवरच्या माणसाला दुपारी फारसा धोका नसतो, कारण प्रतिबिंब वर निघून जातं. पाण्याच्या टाकीवर किंवा शेजारच्या उंच स्लॅबवर चढून खाली बघणाऱ्याला ते नेमकं गाठतं. सकाळी नऊच्या आधी आणि हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा जमिनीवरही. माझी पद्धत साधी आहे: कॅमेरा उचलण्याआधी डोळ्याने बघायचं. काचेत चमक दिसली की एक-दोन पावलं सरकायचं. याचा दुसरा फायदाही आहे. खरा हॉटस्पॉट (दोषाने तापलेली जागा) सेलला चिकटून राहतो, प्रतिबिंब आपल्याबरोबर चालतं.

गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवण्याबद्दल एवढंच: साठवणुकीची मर्यादा बहुतेक मॉडेलमध्ये ७० अंशांची असते आणि सोलापूरचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे.

दुरुस्तीची चौकशी करून ठेवली. एखाद-दुसरा मेलेला पिक्सेल असेल तर शेजाऱ्यांची सरासरी भरून तो झाकता येतो. सात पिक्सेल रुंद पट्टा झाकला तर तिथे चित्र सारवलेलं दिसेल आणि आकडा कल्पनेतला असेल. उरतं डिटेक्टर बदलणं, आणि त्या खर्चात थोडी भर घातली की नवा कॅमेरा येतो. वॉरंटीत हे बसत नाही. बहुतेक माहितीपुस्तिकांत सूर्य आणि लेसरकडे रोखू नका अशी सूचना पहिल्याच पानांवर असते. ॲमॉर्फस सिलिकॉनचे सेन्सर उन्हातून लवकर सावरतात असं त्यांचे विक्रेते सांगतात, पण तसा कॅमेरा मी वापरलेला नाही.

वापरलेला कॅमेरा घ्यायला जाल तर दुकानातल्या सावलीतल्या भिंतीवर दाखवलेल्या चित्रावर जाऊ नका. भिंत शटरच्या तापमानाची असते, तिच्यावर सगळेच कॅमेरे निर्मळ. दुपारी चारला पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीसमोर उभे राहा. सूर्य तुमच्या पाठीशी असतो, तेव्हा धोका नाही. चित्रात नुसती भिंत येऊ द्या आणि स्केल हाताने चार-पाच अंशांवर आणा. असेल ते दिसेल. कॅमेरा थोडा हलवा, भिंतीवरचा ओला पट्टा भिंतीबरोबर सरकेल, डाग जागेवरच राहील.

माझ्या जुन्या कॅमेऱ्याने त्याची किंमत वसूल केली आहे. पॅनलमध्ये पहिली फेरी त्याचीच असते. जिथे संशय येतो तिथला आकडा नव्याने घेतो, आणि अहवालात फक्त नव्याचे आकडे जातात. एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. जुन्याबरोबर आलेलं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट अगदी स्वच्छ होतं, आणि ते खोटंही नव्हतं. लॅब कॅमेरा ब्लॅकबॉडीसमोर (ठरलेल्या तापमानाला ठेवलेल्या काळ्या पृष्ठभागासमोर) धरते आणि मधल्या क्रॉसचं रीडिंग घेते. डाग मध्ये नव्हता, विषय संपला. या खेपेला कॅलिब्रेशनला देताना डागावरचं रीडिंगही तीन तापमानांना वेगळं घेऊन सर्टिफिकेटवर लिहा असं सांगितलं. लॅबच्या माणसाने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग जादा पॉइंटचे पैसे सांगितले.