लॅपटॉपवरचा ऑर्केस्ट्रा: मोफत संच, मासिक वर्गणी की एकच विकतचं चेलो?

गेल्या पावसाळ्यात एका एकांकिकेसाठी दीड मिनिटाचं पार्श्वसंगीत केलं होतं. घरी हेडफोनवर बरं वाटलं. दादरला तालमीच्या हॉलमध्ये स्पीकरवर लावलं, तर दिग्दर्शकाने पहिल्या दहा सेकंदांतच विचारलं, "हे कीबोर्डवरचं आहे ना?" त्याचं बरोबर होतं. सूर योग्य होते, पण ते वाजवणारं कोणी आहे असं वाटत नव्हतं.

त्यानंतर महिनाभर रोज रात्री मी तोच तुकडा वेगवेगळ्या लायब्ररींवर, म्हणजे कीबोर्डवरून वाजवता येणाऱ्या खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित संचांवर, वाजवून पाहिला. 8 जीबी रॅमचा लॅपटॉप, लालबागच्या दोन खोल्या आणि शेजारी झोपल्यावर हेडफोन, एवढीच सोय होती. तुमचीही परिस्थिती साधारण अशीच असेल आणि पैसे कुठे घालावेत हे ठरत नसेल, तर हा अनुभव कामी येईल.

मी तीन गोष्टी तपासल्या. एक लांब सूर, जो हळू सुरू होऊन फुगतो आणि विरतो. मग सा-रे-ग-म-प अशी सरळ चढत जाणारी ओळ, सूर न तोडता. आणि शेवटी एकाच सुरावर गजाचे आठ झटपट आघात. कंपनीच्या पानावरचे डेमो भव्य असतात, कारण त्यात सगळं एकदम वाजतं. उणिवा दिसतात त्या एकट्या व्हायोलिन्सच्या ओळीत.

मोफतमध्ये पहिला विचार स्पिटफायर कंपनीच्या 'बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर'चा करावा. लंडनच्या मायदा व्हेल स्टुडिओत खऱ्या बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेला हा संच आहे. यात 33 वाद्यं आहेत आणि आकार जेमतेम 200 एमबी, म्हणजे मोबाइलच्या डेटावरही उतरवता येतो. सगळी वाद्यं एकाच दालनात ध्वनिमुद्रित झाल्यामुळे आपसांत मिसळतात, आणि नवख्या माणसाचं अर्धं काम तिथेच होतं. लांब सुराच्या परीक्षेत तो छान उतरला. मॉड व्हील, म्हणजे कीबोर्डवरचं आवाजाचा जोर बदलणारं चाक, हळू वर नेलं की सूर खरोखर भरत जातो. पण सरळ चढणाऱ्या ओळीत अडखळला. या आवृत्तीत व्हायोलिन्सना लेगाटो, म्हणजे सूर न तोडता जोडून वाजवण्याची सोय, नाही. सा वरून रे वर जाताना गज चालूच आहे असं वाटत नाही, प्रत्येक सूर नव्याने उगवतो. सूर एकमेकांवर थोडे चढवून आणि सूर बदलण्याच्या क्षणी एक्स्प्रेशन (आवाज लहान-मोठा करणारं नियंत्रण) किंचित खाली घेऊन हे बरंच झाकता येतं. मंद ओळ असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा मोफत पर्याय म्युझस्कोअर 4 हे स्वरलिपी लिहिण्याचं सॉफ्टवेअर आणि त्यासोबतचे म्युझ साउंड्स हे आवाज. डिसेंबर 2022 मध्ये ही आवृत्ती आली आणि मोफत आवाजांची पातळी एकदम वर गेली. यात स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, लिहायचं. स्लर (सुरांना जोडणारी कमान) काढला की सूर जोडून येतात, 'पियानो' (हळू) पासून 'फोर्टे' (जोरात) पर्यंत खूण केली की आवाज वाढतो. सरळ ओळ यात डिस्कव्हरपेक्षा सरस आली, तेही मी कुठलंही चाक न फिरवता. पण हे आवाज म्युझस्कोअरच्या बाहेर, तुमच्या नेहमीच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये, उघडत नाहीत. आणि आपल्याकडे बहुतेकजण सरगममध्ये विचार करतात, पेटीवर बोट फिरवत चाल बांधतात. नोटेशन येत असेल तर म्युझस्कोअरनेच सुरुवात करा. येत नसेल तर केवळ आवाजासाठी तिकडे जाऊ नका, चाल मनात असते आणि हात पाच रेषांमध्ये अडकतो.

अगदी जुना, कमी रॅमचा लॅपटॉप असेल तर 'व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रा' हा एसएफझी प्रकारच्या फाइलींचा संच, प्लोग कंपनीच्या 'सफोर्झांडो' या मोफत प्लेयरमध्ये (संचातले सूर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये). अनेक मोफत संग्रहांतून निवडून जुळवलेला असल्यामुळे प्रत्येक वाद्याची खोली वेगळी जाणवते. सगळ्यांवर एकच रिव्हर्ब (दालनाच्या घुमाऱ्याचा परिणाम) घालून त्यांना एका दालनात बसवावं लागतं. मेहनत आहे, पण तालमीपुरतं ऐकवायला चालतं.

ऑर्केस्ट्रल टूल्स कंपनीचा 'लेयर्स' हाही मोफत. बर्लिनच्या टेल्डेक्स स्टुडिओतला ऑर्केस्ट्रा कीबोर्डची एक पट्टी दाबताच अख्खा कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक सूर) वाजवतो. पडदा उघडताना एकच दणदणीत आघात हवा असेल तर उत्तम. चाल लिहायला उपयोग नाही.

मोफतच्या नावाखाली एक खड्डा आहे, तो आधीच सांगतो. बऱ्याच छोट्या लायब्ररी काँटॅक्ट या सॉफ्टवेअरसाठी बनलेल्या असतात. काँटॅक्ट प्लेयर मोफत आहे, पण लायब्ररी त्या प्लेयरसाठी परवाना घेतलेली नसेल तर ती फक्त 15 मिनिटं चालते आणि मग गप्प होते. पूर्ण काँटॅक्टची नेहमीची किंमत 300 डॉलरच्या घरात आहे. उतरवण्याआधी 'पूर्ण काँटॅक्ट लागेल' असं बारीक अक्षरात लिहिलंय का, ते वाचा.

आता पैशाचं. ईस्टवेस्ट कंपनीची मासिक वर्गणी आहे, वर्षाच्या बोलीवर महिन्याला 20 डॉलरच्या आसपास. त्यात त्यांचा 'हॉलिवूड ऑर्केस्ट्रा' येतो, आणि तिन्ही परीक्षांत तो मोफत संचांच्या फार पुढे आहे. लेगाटो खरा, आघात दर वेळी वेगळे, चेलोंना वजन. पूर्ण संच शेकडो जीबींचा आहे, पण हवी तेवढीच वाद्यं उतरवता येतात. प्रश्न वेगळाच आहे. वर्गणी थांबली की आवाज थांबतात. दोन वर्षांनी तीच एकांकिका पुन्हा उभी राहिली आणि एक प्रसंग लांबवायचा झाला, तर जुनी फाइल उघडेल पण वाजणार नाही. हातात तीन-चार महिन्यांचं ठरलेलं, पैसे मिळणारं काम असेल तर वर्गणी जरूर घ्या. शिकण्यासाठी घेऊ नका. डॉलरचा भाव, बँकेचा अधिभार आणि कर धरून रुपयांत आकडा मांडला की तो दर महिन्याला टोचतो.

मी शेवटी वेगळाच मार्ग घेतला. ऑर्केस्ट्रल टूल्सच्या साइन प्लेयरमध्ये बऱ्याच संग्रहांतलं वाद्य सुटं विकत मिळतं. मी फक्त चेलो घेतलं. पाया डिस्कव्हरचा ठेवला आणि ज्या ओळीवर प्रेक्षकाचा कान जातो, ती या विकतच्या चेलोवर दिली. ऐकणारा सगळीच वाद्यं तपासत बसत नाही. पुढची ओळ खरी वाटली की मागचंही खरं मानतो. थोडं थांबता आलं तर नोव्हेंबरअखेरच्या सेलमध्ये किमती बऱ्याच उतरतात. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या फुकट्या कॉप्या मात्र घेऊ नका. ज्या वादकांनी एकेक सूर शेकडो वेळा वाजवून दिला, त्यांच्यापर्यंत कष्टाचे पैसे त्यातून पोचत नाहीत, आणि आपणही याच धंद्यात आहोत.

कुठलाही संच घेतला तरी हात लावल्याशिवाय तो जिवंत होत नाही. माझ्या पहिल्या तुकड्यात ते आठ आघात आठही वेळा हुबेहूब सारखे होते, म्हणून मशीनगनसारखे वाजत होते. चांगल्या लायब्ररीत एकाच सुराची अनेक ध्वनिमुद्रणं आळीपाळीने वाजतात. ती नसतील तर प्रत्येक आघाताची व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) थोडी बदला, एखादा आघात केसभर मागे सरकवा. आणि लेगाटोचे पॅच (लायब्ररीतले तयार आवाज) किंचित उशिरा बोलतात, कारण दोन सुरांमधला सांधाही त्यात वाजतो. ट्रॅक तेवढाच आधी सरकवला नाही तर तबल्याच्या समेवर व्हायोलिन्स सतत मागे पडलेली वाटतात. मी दोन आठवडे हा दोष माझ्या चालीत शोधत होतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मला दुसऱ्याच गोष्टीने खाल्ला. या लायब्ररींमधले वादक त्यांच्या परंपरेप्रमाणे वाजवतात: सूर स्वच्छ, सांधे आटोपशीर. आपल्या कानाला 'स्ट्रिंग्स' म्हणजे काय, हे मुंबईच्या चित्रपटसंगीताने ठरवलं. गोव्याहून आलेल्या वादकांनी दशकानुदशकं इथल्या स्टुडिओंत जे वाजवलं, त्यात सगळी व्हायोलिन्स एकत्र चाल गातात, सुरावरून सुरावर घसरतात, गायकाची हरकत उचलतात. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये आपल्या रागसंगीताला आणि पाश्चात्त्य सिम्फनीला एकत्र आणणारा वाद्यवृंद याच शहरात उभा केला. त्या घसरणीशिवाय आपल्याला तंतुवाद्यं पोरकी वाटतात. आणि आपल्या कानाला हवी तशी घसरण सामान्य ऑर्केस्ट्रा लायब्ररीत सहसा मिळत नाही. पिच बेंडने (सूर वर-खाली वाकवणाऱ्या चाकाने) मींड काढून पाहिली. सुरासोबत कंपनं आणि दालनाचा घुमारासुद्धा वाकतो, टेपचा वेग बिघडल्यासारखा. मुरकी तर लेगाटोच्या पॅचमध्ये चिखल होते, कारण सांधा पूर्ण व्हायच्या आत पुढचा सूर येऊन थडकतो.

म्हणून पाच हजार रुपये बाजूला काढू शकत असाल, तर ते दुसऱ्या लायब्ररीवर घालण्याआधी एका व्हायोलिनवादकाचा विचार करा. मुंबईत शोधायला लांब जावं लागत नाही. चर्चच्या वाद्यवृंदात, संगीत शिकवणाऱ्यांच्या घरी, एनसीपीएच्या कार्यक्रमांना येणाऱ्या विद्यार्थ्यांत कोणी ना कोणी सापडतं. मला एक कॉलेजची मुलगी मिळाली. कपाटाचं दार उघडं ठेवून, समोर गोधडी टांगून आम्ही घरातच ध्वनिमुद्रण केलं. पंखा बंद, खिडक्या बंद, घाम निथळत होता. तिने एकच ओळ तीनदा वाजवली. मी तिन्ही टेक (ध्वनिमुद्रणं) ठेवले, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मधे हळू, आणि खाली डिस्कव्हरची व्हायोलिन्स तशीच राहू दिली. तिच्या टेकवर रिव्हर्ब घातला आणि खालच्या दालनाशी जुळेपर्यंत कमी-जास्त केला. पंचमावरून धैवतावर जाताना तिने घेतलेली बारीकशी मींड संपूर्ण सेक्शनने घेतल्यासारखी ऐकू आली.

पुढच्या तालमीला दिग्दर्शकाने विचारलं, "किती वादक होते?"