समाजशास्त्राच्या ग्रुप प्रोजेक्टसाठी गूगल स्कॉलर, जेस्टॉर, शोधगंगा, झोटेरो – दोन सेमिस्टर वापरून झाल्यावर

आमचा विषय होता नवी मुंबईतली गावठाणं, म्हणजे सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) 1970 मध्ये आली, 95 गावांच्या जमिनी गेल्या, त्यानंतर तिथल्या आगरी-कोळी बायकांच्या कामाधंद्याचं काय झालं. आम्ही चौघी, दोघी ठाण्याच्या, एक उरणची आणि मी कोपरखैरण्याची. खूप जण विचारतात नक्की काय वापरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

गूगल स्कॉलर, म्हणजे संशोधनाचे लेख शोधायचं गूगल, फुकट आहे, फास्ट आहे, पण कीवर्डवर मेहनत घ्यावी लागते. इंग्रजीत आगरी टाकलं की शेतीवरचे पेपर धो धो येतात, त्यामुळे सोबत कोळी, सिडको, गावठाण असं काहीतरी जोडायलाच लागतं. आणि नुसतं नवी मुंबई टाकून थांबू नका, न्यू बॉम्बे टाका, 70-80 च्या दशकातलं सगळं त्या नावाखाली आहे. खरी कमाल मात्र साइटेड बाय या लिंकची, एखाद्या लेखनाचा संदर्भ पुढे कोणी दिला ते ती दाखवते. अन्नपूर्णा शॉ यांचं नवी मुंबईवरचं 2004 चं पुस्तक धरून त्या लिंकवर गेलो आणि त्यानंतर कोणी कोणी या विषयावर लिहिलं ते समोर आलं. पण साइटेशनचा आकडा बघून पेपर चांगला की वाईट ठरवू नका, एखाद्या गावावरचा मन लावून केलेला अभ्यास फार कमी लोक साइट करतात.

जेस्टॉर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट अकाउंट काढलं की 30 दिवसांत 100 लेख ऑनलाइन वाचता येतात, ईपीडब्ल्यूचे (इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली) जुने अंकसुद्धा तिथे आहेत. कॉलेजचं सबस्क्रिप्शन नसेल तरी काम भागतं.

शोधगंगा माझी सगळ्यात लाडकी. भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे चॅप्टरवाइज पीडीएफमध्ये मिळतात, त्यामुळे आधी संशोधन पद्धतीचं प्रकरण उघडायचं, मग शेवटची संदर्भसूची, आणि मगच ठरवायचं की बाकीचं वाचायचं का. एका चांगल्या प्रबंधाच्या संदर्भसूचीतून आम्हाला आठवडाभर पुरेल एवढं वाचन मिळालं. त्रास एवढाच की सर्च ढिम्म आहे आणि बऱ्याच फाइल्स स्कॅन केलेल्या असल्याने आत शब्द शोधता येत नाही, पानं उलटत बसावं लागतं.

आता सोर्स पारखायचा कसा, कारण प्रोजेक्ट यावरच तरतो किंवा बुडतो. महिला सक्षमीकरणावरचा एक पेपर आला होता, दिसायला एकदम भारी, आयएसएसएन नंबर, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचे संदर्भ सरासरी किती दिले जातात तो आकडा), सगळं वरती ठळक. आत बघितलं तर 100 बायकांचा सॅम्पल, रँडम सॅम्पलिंग एवढंच लिहिलेलं, कुठल्या गावात, कधी, कुठल्या भाषेत विचारलं, यादी कुठून घेतली, काहीच नाही. टेबलमध्ये टक्क्यांची बेरीज 100 च्या वर, आणि एकापेक्षा जास्त उत्तरं चालत होती असाही कुठे उल्लेख नाही. आम्ही तो सरळ बाजूला टाकला. आयएसएसएन ही नियतकालिकाची फक्त ओळख आहे, दर्जाची हमी नाही. यूजीसीने केअर लिस्टही, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, 2025 मध्ये बंद केली, म्हणजे आता संपादक मंडळ, पीअर रिव्ह्यू (छापण्याआधी त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांची तपासणी) कसा होतो, छापायचे पैसे घेऊन चार दिवसांत प्रसिद्ध करतात का, हे आपणच तपासायचं. सोशिऑलॉजिकल बुलेटिन 1952 पासून निघतंय, तसली जर्नल्स आधी चाळा.

लेखक कोण हेही बघाच. नवी मुंबईची कल्पना 1965 मध्ये मांडणाऱ्या तिघांपैकी शिरीष पटेल हे पुढे सिडकोतही नियोजनात होते, त्यामुळे त्यांचं लिखाण फार मोलाचं, पण ते शहर आखणाऱ्याच्या बाजूने आलेलं. ज्यांची जमीन गेली त्यांची बाजू दुसरीकडून आणावीच लागते. आम्ही दोन्ही समोरासमोर ठेवलं आणि प्रोजेक्टचं सगळ्यात चांगलं प्रकरण त्यातूनच झालं.

झोटेरो, म्हणजे संदर्भ जमवून नीट लावून ठेवायचं फुकट सॉफ्टवेअर, ग्रुपसाठी बेस्ट. एक ग्रुप लायब्ररी केली, जिने वाचलं तिने खाली नोट टाकायची: कुठलं गाव, कुठलं वर्ष, किती लोकांशी बोलले. त्यामुळे व्हॉट्सॲपवर एकच पीडीएफ पाच वेळा फिरणं बंद झालं. फुकटात 300 एमबीच जागा मिळते आणि ग्रुपच्या फाइल्स ग्रुप काढणारीच्या कोट्यातून जातात, म्हणून स्कॅन केलेले प्रबंध त्यात टाकू नका, नुसती लिंक ठेवा.

एक मोठी उणीव मात्र यातलं कुठलंच भरून काढत नाही. जानेवारी 1984 चं उरण तालुक्यातल्या जासईचं जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचं आंदोलन, पोलीस गोळीबारात गेलेले पाच जण, दि. बा. पाटलांचं नेतृत्व, यावर मराठीत जे लिहिलं गेलंय ते स्कॉलरवर जवळपास दिसतच नाही. त्यासाठी वाचनालयात जायलाच हवं, आम्ही ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयापासून सुरुवात केली, 1893 ची संस्था आहे. तिथे गेलात की पुस्तकाच्या आतलं प्रकाशनाचं पान आधी झोटेरोत नोंदवून घ्या, जुन्या पुस्तकांचं वर्ष आणि प्रकाशक नंतर नेटवर शोधून मिळत नाहीत.