क्लॅप्टन स्ट्रॅट: काही महिन्यांच्या वापरानंतर

गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या नावाने फेंडर कंपनीने काढलेली स्ट्रॅटोकॅस्टर (थोडक्यात स्ट्रॅट) ही इलेक्ट्रिक गिटार म्हणजे स्ट्रॅटच्या अंगात प्रतिस्पर्धी गिब्सन कंपनीच्या गिटारचा आवाज बसवायची खटपट आहे. हे डोक्यात न ठेवता घेतली तर तिसरा नॉब शोभेचा वाटतो आणि मागचा लाकडी ठोकळा अडचणीचा. क्लॅप्टनने साठच्या दशकात बहुतेक गिब्सनच वाजवल्या: लेस पॉल (ती 1966 मध्ये चोरीला गेली), मग एसजी, ईएस-335. 1970 मध्ये नॅशव्हिलला त्याने जुन्या स्ट्रॅट घेतल्या आणि त्यातल्या तिघींचे चांगले भाग जोडून 'ब्लॅकी' उभी केली. तिला 1985 च्या सुमारास निवृत्त केलं आणि 1988 मध्ये हे मॉडेल आलं. व्ही आकाराकडे झुकणारी मान ब्लॅकीच्या वळणाची. तिसऱ्या नॉबचा मिड-बूस्ट, म्हणजे मधल्या पट्ट्यातला आवाज वाढवणारं सर्किट, मात्र तिच्यात नव्हता.

मिड-बूस्टची कमाल पातळी 25 डेसिबल. एवढा पूर्ण फिरवायची गरज क्वचितच पडते. शून्यावर साधी स्ट्रॅट, 3-4 वर आवाज भरतो पण पिकची टोचणी शाबूत राहते, 7 च्या पुढे ट्यूब ॲम्पचा आवाज फाटायला लागतो आणि सोबत सर्किटची खरखरही वर येते. बँडमध्ये दुसरी गिटार असेल तर 5 च्या वर जाऊ नये, कारण दोघी त्याच पट्ट्यात भांडतात. मधला टीबीएक्स नॉब (टोनचा नॉब) 5 वर हलकासा अडकतो. त्याखाली तो नेहमीच्या टोनसारखा वरचे स्वर कापतो, त्यावर ते मोकळे करतो. नॉइझलेस पिकअप (तारांची थरथर पकडणारे, गुणगुण न करणारे चुंबकी भाग) वरच्या स्वरांत जरा मवाळ आहेत, त्यामुळे टीबीएक्स 6-7 वर ठेवलेला बरा.

क्लॅप्टनचा जुना 'वूमन टोन', म्हणजे गिब्सनवरचा जाड, गोल आवाज, हवा असेल तर मानेकडचा पिकअप, टीबीएक्स शून्यावर, बूस्ट 8, ॲम्प आवाज फाटेपर्यंत चढवलेला. जवळपास पोचतो, तंतोतंत नाही. गिब्सनवर तारेची लांबी 628 मिमी, इथे 648. त्याच जाडीची तार इथे जास्त ताणलेली असते आणि सुरुवातीचा ठोका कडकच येतो. सर्किट त्याला काही करू शकत नाही.

हे सगळं 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. ती उतरायला लागली की आधी जोरात वाजवलेले स्वर फाटतात, मग आवाज बारीक होत जातो आणि शेवटी गिटार मुकी होते. बॅटरीला वगळून आवाज पुढे जाण्याची सोय नाही. जॅकमध्ये केबल घातली की सर्किट चालू होतं, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढायचीच. आवाज फाटला की ॲम्पवर संशय घेण्याआधी बॅटरी मोजावी.

आता ठोकळा. तारा ब्रिजचा (तारा ज्यावर टेकतात त्या धातूच्या भागाचा) वरचा भाग मानेकडे ओढतात, तेव्हा खालचा धातूचा ब्लॉक शेपटीकडे सरकू पाहतो आणि स्प्रिंग त्याला मानेकडे खेचतात. तरंगता ब्रिज या रस्सीखेचीवर उभा असतो. एक तार बेंड केली (बोटाने ओढून सूर चढवला) की बाकीच्या उतरतात, एक तुटली की उरलेल्या चढतात. क्लॅप्टन आर्म (ब्रिज हलवून सूर डुलवणारा दांडा) वापरत नाही, म्हणून इथे पाच स्प्रिंग आणि ब्लॉकमागे लाकूड. दोन तारांतली एक बेंड करून दुसरी स्थिर ठेवायची असेल तर फरक लगेच कळतो.

जुनी गिटार घेतली तर मागची पट्टी उघडून बघा. आधीच्या मालकाने ठोकळा काढलेला असू शकतो. बसवायचा झाला तर पाचही स्प्रिंग लावा, तारा सुरात आणा आणि क्लॉचे (स्प्रिंग अडकवलेल्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळत ब्रिजची पट्टी अंगाला सपाट टेकवा. मग ब्लॉक आणि शेपटीकडची भिंत यांतलं अंतर मोजून सागवानासारख्या कडक लाकडाचा तुकडा कापा. बोटाने दाबून जाईल इतकाच घट्ट हवा. सैल राहिला तर थरथरतो आणि तो आवाज फ्रेटचा (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांचा) समजून लोक नेक खोलून बसतात. मऊ लाकूड दबून पुन्हा फट पडते. हातोडीने ठोकू नका, पुढच्या सहा स्क्रूंवर ताण येतो.

ब्रिज स्थिर झाला की सूर हलण्याचा दोष बहुधा नटकडे, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीकडे, जातो. ट्यूनिंगची खुंटी फिरवताना एखादी तार 'टिक' करून उडी मारत असेल तर ती खाचेत अडकते आहे. मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा.

सेटअपचे आकडे: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर जाड ई तार दाबलेली, तेव्हा आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतली फट 0.25 मिमी. सतराव्या फ्रेटवर तारांची उंची 1.6 मिमी. पिकअप शेवटचा फ्रेट दाबून मोजायचे: जाड बाजूला 3.2, बारीक बाजूला 2.4 मिमी. त्याहून वर आणले तर चुंबक जाड तारा ओढतात, बाराव्या फ्रेटपुढे स्वर डुलतो आणि सॅडल (ब्रिजवरचा तार टेकणारा तुकडा) कितीही सरकवलं तरी इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं, जुळत नाही. मग खोड सॅडलमध्ये शोधू नका, आधी पिकअप खाली करा.

तारांचा संच 10-46 (जाडी इंचाच्या हजारांशात). त्यावरून 11 वर जाताना तरंगत्या ब्रिजला स्प्रिंग नव्याने जुळवाव्या लागतात. इथे ट्रस रॉडला (मानेतल्या समायोजन-सळईला) पाव फेरा आणि सॅडल किंचित मागे, बस्स.