पीडीएफ.जेएस: फुकट आणि भरवशाची, पण वर्कर सांभाळा

ब्राउझरमध्ये पीडीएफ दाखवायला मोझिलाची ही लायब्ररी अजूनही माझी पहिली पसंती. फायरफॉक्सचा व्ह्यूअर हिच्यावरच चालतो. परवाना अपाची 2.0.

गाडी अडते ती वर्करपाशी, म्हणजे पीडीएफ वाचण्याचं जड काम पडद्याआड करणाऱ्या वेगळ्या स्क्रिप्टपाशी. मुख्य फाइल आणि वर्कर फाइल वेगळ्या आवृत्तीच्या असल्या की पान उघडतच नाही, म्हणून दोन्ही एकाच पॅकेजमधून घ्या. अक्षरं पुसट दिसली तर कॅनव्हासची (पान ज्यावर रेखाटलं जातं तो घटक) रुंदी-उंची डिव्हाइस पिक्सेल रेशोने (एका सीएसएस पिक्सेलमागे पडद्याचे किती पिक्सेल) गुणा, रेखाटताना ट्रान्सफॉर्मही (चित्र किती मोठं करायचं ते) त्याच पटीत द्या. सीएसएसमधलं माप मात्र तेच ठेवा. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांत यायला सर्व्हरने रेंज रिक्वेस्ट (फाइलचा ठरावीक भागच मागणाऱ्या विनंत्या) स्वीकारायला हव्यात, आणि दुसऱ्या डोमेनवर असेल तर कॉर्स हेडरही (दुसऱ्या साइटला फाइल वाचायची सर्व्हरने दिलेली परवानगी) हवा.

जुन्या बिगर-युनिकोड मराठी फॉन्टमधली पत्रकं दिसतात झकास, पण शब्द शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. यात लायब्ररीला बोल लावू नये; अशा फॉन्टमध्ये दिसणाऱ्या मराठी अक्षरामागे भलत्याच अक्षराचा संकेत असतो. मजकूर युनिकोडमध्ये आणून पीडीएफ नव्याने काढावी लागते.