‘कर्मा’ पाहू की ‘अ थ्रो ऑफ डाइस’?

‘कर्मा’ (1933) म्हटलं की पहिला विषय निघतो चुंबनाचा. चार मिनिटांचं होतं म्हणे! सलग चार मिनिटं काही ते नाही. शिवाय नायकाला साप चावलाय, तो बेशुद्ध आहे आणि नायिका देविका राणी त्याला शुद्धीवर आणायला धडपडतेय. तेवढ्यासाठी बसणार असाल तर राहू द्या.

दोन्ही सिनेमे निर्माते-अभिनेते हिमांशू राय यांचे, दोन्हींत परदेशी भांडवल आणि तंत्रज्ञ, दोन्हींत राजेरजवाडे. मधल्या चार वर्षांत सिनेमा बोलू लागला, आणि फरक पडला तो तिथेच. 1929चा ‘अ थ्रो ऑफ डाइस’ मूकपट आहे. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन. महाभारतातल्या द्यूताची सावली असलेली गोष्ट: दोन जुगारी राजे, एक ऋषिकन्या आणि खोटे फासे. राजस्थानातलं चित्रीकरण, हत्ती, घोडे, माणसांचे लोंढे. कॅमेरा कुठे अडत नाही. राय इथे खलनायक आहेत, आणि झकास आहेत.

‘कर्मा’त तेच राय नायक झाले आणि अवघडले. राणी सुधारक, शेजारच्या राजपुत्रावर तिचा जीव, त्याच्या वडिलांना तिचे सुधारणेचे विचार नापसंत. गोष्ट एवढीच. पात्रं उभी राहून इंग्रजी संवाद म्हणतात. मुंबईत तेव्हा बोलपटांत गाण्यांची रेलचेल होती, त्यामुळे ‘नागन की रागिनी’ ही याची हिंदी आवृत्ती आपल्याकडे चालली नाही याचं नवल वाटत नाही. पण देविका राणी! लंडनच्या समीक्षकांनी तिच्या इंग्रजीचं कौतुक केलं ते उगाच नाही. ती बोलायला लागली की बाकीचे सगळे पाठांतर म्हणतायत असं वाटतं. मूकपटाच्या वेळी हीच बाई पडद्यामागे वेशभूषा-सजावटीला मदत करत होती, हेही गमतीचंच.

एकच संध्याकाळ मोकळी असेल तर मूकपट घ्या, संगीतकार नितीन साहनींच्या नव्या संगीतासकट. मूकपटाचा कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनी तर आधी हाच पाहावा. पुढे 1934मध्ये राय आणि देविका राणी यांनी मालाडला उभ्या केलेल्या बॉम्बे टॉकीज या स्टुडिओचं कुतूहल असेल, तर मात्र ‘कर्मा’ला पर्याय नाही. जेमतेम सव्वा तासाचा आहे, आणि पहिली दहा मिनिटं रटाळ वाटली तरी उठू नका.