सल्काटाचं पिल्लू घ्यावं की रेडफूटचं? गोव्यातल्या घरासाठी

आमच्याकडे फोंड्याला रेडफूट आहे आणि माझ्या धाकट्या दिराकडे डिचोलीला सल्काटा, दोन्ही जमिनीवरची परदेशी कासवं. दोन्ही २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला आली, तेव्हा दोन्ही तळहातावर मावायची, आता आमचं जेवणाच्या ताटलीएवढं झालंय आणि दिराचं उचलायचं तर आधी नीट बसून, कंबर सांभाळून उचलावं लागतं. त्यामुळे कोणाला कासव पाळायची हौस आली की फोन आमच्या दोघांकडे येतो. मग दोन्हीतला फरक इथे सविस्तरच लिहिते.

बहुतेकांच्या डोक्यात मुळात स्टार कासव असतं, ते पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेलं. ते सोडून द्या. स्टार आपला देशी वन्यजीव आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. कोणी "वास्तूसाठी शुभ" म्हणून हळूच डब्यातून आणून दिलं तरी घेऊ नका, ते कुठल्यातरी माळरानावरून पोत्यात भरून आणलेलं असतं आणि त्याच्याबरोबरची कितीतरी वाटेतच मेलेली असतात. आणि फिशटँकवाल्यांकडे मिळणारं लाल कानाचं स्लायडर हे पाण्यातलं कासव, त्याचा प्रकारच वेगळा, ते मोठं झालं की लोक तळ्यात नाहीतर ओहोळात सोडतात आणि ते आपल्या इथल्या कासवांचं खाणं-जागा बळकावतं. तेही आज बाजूला ठेवू.

उरली ही दोन. दोन्ही परदेशी, दोन्ही सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे आपल्या वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ ला लागू झाल्यापासून दोन्हींची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आले, ज्यांच्याकडे आधीपासून होती त्यांना सहा महिने दिले होते, आम्ही दोघांनी तेव्हाच केली. नवीन घेणाऱ्याला ३० दिवसांच्या आत करायची असते. विकणारा कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा.

आता हवामान, कारण माझ्या मते गोव्यात निम्मा निर्णय इथेच होतो. सल्काटा सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरचा, उन्हातान्हातला प्राणी, तिथे तो उन्हाळ्यात जमिनीत खोल बीळ करून बसतो. रेडफूट दक्षिण अमेरिकेतला, दमट जंगल आणि झाडीच्या कडेचा, पाऊस त्याच्या ओळखीचा. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेला बुरशी येते. अशा हवेत मोठं झालेलं रेडफूट परसात फणसाच्या पाल्याखाली मजेत बसतं, भुरभुर पाऊस सुरू झाला की आमचं उलट बाहेर येऊन मान वर करून उभं राहतं. दिराच्या सल्काटाला मात्र चार महिने सिमेंटचा उंच ओटा, वर पत्रा आणि हीटिंग बल्ब लागतो, कारण ओली आणि गार जमीन त्याला अजिबात चालत नाही, नाकातून फुगे यायला लागले की समजायचं छाती भरली, लगेच व्हेट.

पण थांबा, हे मोठ्या कासवाचं झालं. हॅचलिंगचं, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचं, गणित वेगळं असतं आणि इथेच सगळ्यात जास्त पिल्लं वाया जातात. सल्काटा वाळवंटातला म्हणून पिल्लाला कोरडं ठेवायचं, असं आम्हाला ज्या दुकानातून ते आणलं तिथे सांगितलं होतं, वाळू घाला, काकडी-लेट्यूस द्या, पाणी नको. दिराने सहा महिने तसंच केलं. त्या सहा महिन्यांत पिल्लाच्या पाठीचा प्रत्येक खण वर उचलला जाऊन छोटी छोटी टेकडी झाली, त्याला पिरॅमिडिंग म्हणतात. २००३ साली सल्काटाच्या पिल्लांवरच एक अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की हवेतला कोरडेपणा हे याचं मोठं कारण आहे, खाण्यातल्या प्रोटीनचा परिणाम त्यामानाने किरकोळ. म्हणजे वाळवंटातल्या कासवाचं पिल्लूसुद्धा दमट, उबदार जागेत वाढलं पाहिजे. आम्ही मग सगळं बदललं, नंतरची वाढ सपाट आली, पण त्या टेकड्या गेल्या नाहीत आणि जाणारही नाहीत. आज त्याच्या पाठीवर मध्ये उंचवटे आणि भोवती गुळगुळीत कडा असं स्पष्ट दिसतं, बोट फिरवलं की कुठल्या महिन्यापर्यंत चूक केली ते हाताला लागतं. मला अजून वाईट वाटतं ते बघून.

तर पहिलं वर्ष-दीड वर्ष दोघांचंही घर जवळपास सारखंच. मोठा बंद टब नाहीतर काचेची पेटी, तळाला चार बोटं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), वर सुकी पानं. कोकोपीटला पाणी कोपऱ्यातून ओतायचं, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहतो, सतत ओल्यावर बसलं तर पोटाकडची ढाल सडते. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास. रात्री सल्काटाला २६ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, रेडफूटलाही तेवढंच धरा. फरक पडतो तो दिव्याखाली. सल्काटाला ३५ ते ३८ अंशांची शेकायची जागा लागते आणि तो तिथे खुशाल पसरतो, रेडफूटला ३२ पुरे आणि तो दिवसातला बराच वेळ पानांत दडलेला असतो, पहिले दोन महिने तर मला रोज पाला चाळून शोधावं लागायचं.

दमट म्हणजे गार नव्हे, हे मात्र नीट ध्यानात ठेवा. जुलैच्या रात्री हवा आपोआप दमट असतेच, पण लाईट गेली की पेटी गार होते आणि दमट-गार एकत्र आलं की दोन्ही पिल्लं आजारी पडतात. आमच्याकडे यावर मासळीचा थर्माकोलचा बॉक्स आहे, धुऊन उन्हात चांगला वाळवलेला, झाकणाला भोकं पाडलेली, लाईट गेली की पिल्लू त्यात आणि बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. आमच्या रेडफूटने पहिला पावसाळा यावरच काढला.

युव्हीबी ट्यूबवर पैसे वाचवू नका, युव्हीबी म्हणजे उन्हातले ते अतिनील किरण ज्यांच्यामुळे कासवाच्या अंगी कॅल्शियम लागतं. काचेतून युव्हीबी येत नाही, त्यामुळे खिडकीत ठेवलं म्हणजे ऊन मिळालं असं होत नाही. सकाळचं कोवळं ऊन बाल्कांवात द्या, पण अर्धी सावली ठेवून आणि वर जाळी घालून, कावळा एका झडपेत पिल्लू नेतो, मुंगूस आणि कुत्रं तर आहेतच. लाल मुंग्याही बघा, पिल्लू पळू शकत नाही. पावसाळ्यात ऊनच नसतं तेव्हा ट्यूबशिवाय भागत नाही, आणि ट्यूब पेटते आहे म्हणून युव्हीबी येतेय असं नाही, साधारण सहा ते बारा महिन्यांत ती संपते, ती बदलावी लागते.

रोज सकाळी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, पाणी हनुवटीपर्यंत. पाण्यात शी करतात, पाणी पितात, मग पुसून किचनच्या डिजिटल काट्यावर वजन, तेवढं मात्र मी आठवड्यातून एकदाच करते आणि वहीत लिहिते. वजन हळूहळू वर जात असलं की निश्चिंत. चांगली वाढ चालू असली की खणांच्या मधल्या फटींत फिकट, दुधी रंगाची नवी रेघ दिसते.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन. किनाऱ्यावर पांढरं, हलकं, होडीसारखं पडलेलं असतं ते माणकी म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याचं हाड, मिरामारला नाहीतर मोरजीला फिरायला गेलात तर चार उचलून आणा, गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवायचे, पाणी बदलत राहायचं, मग उकळून वाळवायचे. एक तुकडा पेटीत टाकून ठेवला की हवं तेव्हा पिल्लू स्वतःच कुरतडतं.

खाण्यात दोघं एकदम वेगळी. सल्काटा गवतखाऊ. पिल्लाला कोवळ्या दुर्वा बारीक चिरून, जास्वंदीची पानं, तुतीची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंग, आणि वाढत गेला की जवळजवळ गवतच. फळं नकोत, पोट बिघडतं. गोव्यात पावसाळ्यात गवताला तोटा नाही, पण एप्रिल-मेमध्ये सगळं करपतं तेव्हा काय, याचा विचार आधी करा, दीर ट्रेमध्ये दुर्वा लावून ठेवतो आणि तरी मोठ्याला ते पुरत नाही. रेडफूट मिश्र खातं. हिरवा पाला मुख्य, त्यात पपई, पेरू, आंब्याची फोड, केळं अगदी थोडं, आणि आठ-पंधरा दिवसांतून उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा नाहीतर गांडूळ. त्याला लाल-पिवळा रंग दिसला की चालच बदलते, तांबड्या जास्वंदीचं फूल समोर धरलं की मान लांब करून, एक एक पाय मोजून टाकत येतं आणि पाकळी तोंडात धरून मागे ओढतं. परसात जास्वंद, पपई आणि शेवगा असलेल्या गोवेकराला रेडफूटचं खाणं विकत आणावं लागत नाही. दोघांनाही तांबडी भाजी आणि पालक रोज देऊ नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. पाव, भात, दूध कधीच नाही, आणि बाजारातली हाराची फुलंही नकोत, त्यांवर फवारणी असते.

आता जागा. रेडफूट वाढून साधारण ३०-३५ सेंटीमीटर, फार तर दहा-पंधरा किलो. बीळ करत नाही. सल्काटा जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं जमिनीवरचं कासव, ४०-५० किलो सहज, नर त्याच्या दुप्पटही जातात, आणि खणतं. रानात तीन मीटर खोलही जातं. डिचोलीला त्याने चिऱ्यांच्या कंपाउंडखाली खणायला घेतलं तेव्हा दिराला पायाशी काँक्रीट ओतावं लागलं, आणि पावसात असं बीळ पाण्याने भरतं ते निराळंच. सल्काटा सत्तर वर्षं जगू शकतं, रेडफूट तीस-चाळीस-पन्नास. म्हणजे आज चाळिशीत सल्काटा घेणाऱ्याने घरात बसून मुलांना विचारूनच घ्यावं.

स्वभाव म्हणाल तर सल्काटा धीट, माणूस दिसला की खायला येणारं, लहान मुलांना तेच आवडतं. रेडफूट लाजरं, मान काढायला दोन महिने घेतं, पण एकदा ओळख पटली की सकाळी दाराशी येऊन थांबतं. जोडी म्हणून दोन पिल्लं एका पेटीत ठेवू नका, एक दुसऱ्याला दाबतं आणि दुसरं खुरटतं. नर की मादी हे पिल्लात कळतही नाही. आणि मुलांनी हाताळलं की साबणाने हात, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती दोघांकडूनही सारखीच.

फ्लॅट असेल तर मी दोन्हीला नाही म्हणेन, मोठ्या गच्चीवर रेडफूट कसंबसं जमेल. घर, थोडं परस, सावली असेल तर डोळे झाकून रेडफूट. स्वतःची बरीच मोकळी, उंचावरची, पाण्याचा निचरा होणारी जमीन, कोरडी खोली बांधायची तयारी आणि पुढच्या पिढीचा होकार असेल तरच सल्काटा.

घेताना डोळे स्वच्छ आहेत का, पोटाखालची बेंबीची जागा पूर्ण बुजली आहे का, समोर पाला ठेवल्यावर खातंय का ते बघा, आणि एकदोन महिन्यांचं, खायला लागलेलंच घ्या. कासवं बघणारा व्हेट आधी शोधून ठेवा. आणि जूनमध्ये आणू नका. चवथ आटपली, पाऊस सरला की ऑक्टोबरात आणा, म्हणजे थंडीतलं कोवळं ऊन आणि सगळा उन्हाळा हाताशी मिळतो आणि पहिला पावसाळा येईपर्यंत पिल्लाच्या अंगात थोडं वजन आलेलं असतं.